वेळ कोणाच्या वाट्यातून?

(तरुण संघ व कुटुंब-मंडळांसाठी अभ्यासपाठ. अगोदर वाचावे : १ करिंथ ९:२४-२७, १ तीमथ्य ४:७-८.)



२०२४ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. बेळगावातील आमच्या मंडळीतला एक तरुण उपासना संपल्यावर माझ्याजवळ आला व म्हणाला, "भाऊ, पुढचे सहा महिने मला रविवारच्या शाळेचा वर्ग घेता येणार नाही. ऑक्टोबरात गोव्याला शर्यत आहे, तिची तयारी करायची आहे." तरुण म्हणजे तसा छत्तिशीचा. फाउंड्रीत तीन पाळ्यांत काम करतो. घरी दोन मुले, मधुमेहाने थकलेली आई, आणि पत्नी इस्पितळात नर्स. मी त्याला एवढेच विचारले, "घरी विचारलेस का?" तो म्हणाला, "हो, सांगितले आहे." विचारणे आणि सांगणे यांत किती अंतर असते ते त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या पत्नीच्या चेहऱ्यावर मला दिसले.

हा पाठ त्या दिवसापासून माझ्या मनात आहे. ज्यांना धावायचे नाही, पोहायचे नाही, त्यांनीही तो वाचावा. नोकरी सांभाळून कोणी पदवीचा अभ्यास करतो, कोणी गायनवृंद उभा करतो, कोणी घर बांधतो. या सर्वांना जो प्रश्न पडतो तोच या शर्यतीच्या तयारीत अधिक उघडपणे दिसतो, कारण येथे तास मोजता येतात.

प्रथम ही शर्यत काय आहे ते पाहू. तिला ट्रायथ्लॉन म्हणतात. पोहणे, सायकल चालवणे व धावणे हे तिन्ही एकामागून एक, मध्ये न थांबता करावयाचे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९७४ साली या नावाची पहिली शर्यत झाली. पुढे हवाई बेटांत राहणारे अमेरिकन नौदलाचे अधिकारी जॉन कॉलिन्स व त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी तेथील तीन लांब पल्ल्यांच्या शर्यती एकत्र जोडण्याची कल्पना मांडली, आणि १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ओआहू बेटावर पहिली 'आयर्नमॅन' शर्यत झाली. सुमारे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल व ४२.२ किलोमीटर धावणे असा तिचा पल्ला. पंधरा जण उतरले व बारा जणांनी ती पुरी केली. पहिला आलेल्या गॉर्डन हॉलर याला ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंद लागले. आज अशा शर्यतीत बहुधा सतरा तासांची मुदत असते. आपल्याकडे या शर्यतीचे नाव पुष्कळांच्या कानी पडले ते २०१५ साली, मिलिंद सोमण यांनी एकोणपन्नासाव्या वर्षी झुरिक येथे ती पुरी केली तेव्हा.

याहून निम्मा पल्ला असलेली शर्यतही आहे : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे. गोव्यात पणजीजवळ मिरामार येथे २० ऑक्टोबर २०१९ रोजी ती प्रथम झाली. मुदत साडेआठ तासांची. आमच्या तरुणाने हीच धरली होती. मनात मात्र त्याच्या पूर्ण पल्ल्याची होती, परदेशी जाऊन करण्याची. त्याबद्दल पुढे सांगतो.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना धावणाऱ्याचा दाखला घेतला आहे तो उगाच नव्हे. त्या नगराजवळ इस्थमस येथे दर दोन वर्षांनी मोठे खेळ होत. विजेत्याला पानांचा मुकुट मिळे, तो थोड्या दिवसांत सुकून जाई. करिंथकरांनी हे डोळ्यांनी पाहिलेले होते. आपण या उताऱ्यावर प्रवचने ऐकतो ती सहसा शिस्तीवर असतात, आणि ती खरीच आहेत. परंतु त्या धावणाऱ्यांच्या घरी चूल कोण पेटवीत होते, हे त्या उताऱ्यात नाही. तो पौलाचा मुद्दाच नव्हता. आपला मात्र आहे. आणखी एक लक्षात घ्यावे : प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय पाहिला तर पौल त्याच करिंथात तंबू करण्याचा धंदा करून पोट भरीत होता असे दिसते. दिवसभर हाताने काम आणि शिवाय दुसरे मोठे काम, हा अनुभव त्याला परका नव्हता.

आता आपल्या मराठीतला एक शब्दप्रयोग पाहा. आपण म्हणतो, "मी वेळ काढतो." विहिरीतून पाणी काढावे तसा. जणू वेळ कोठे तरी खाली साठलेलाच आहे, पोहरा सोडला की वर येतो. तो तरुण व त्याची पत्नी यांना मी त्याच आठवड्यात घरी बोलावले आणि दोघांच्या हाती एकेक कागद दिला. आठवड्याचे तास १६८. ते कोठे जातात ते लिहा, म्हटले.

त्याने लिहिले : काम ४८, ये-जा ६, झोप ५२, जेवण-अंघोळ इत्यादी १८, बाजार व आईची औषधे-डॉक्टर ८, मुले १०, मंडळीची कामे ६. बेरीज १४८. उरले वीस. त्याचा चेहरा खुलला. निम्म्या पल्ल्याच्या तयारीला साधारण माणसाला आठवड्याला आठ ते दहा तास पुरतात. वीस तर हाताशी आहेत!

मग पत्नीने आपला कागद पुढे केला. इस्पितळ ४८, ये-जा ५, झोप ४७, स्वयंपाक व भांडी २४, कपडे-झाडलोट ८, स्वतःचे जेवण-अंघोळ १२, मुले १२, सासूबाई ४, मंडळी ४. बेरीज १६४. उरले चार. तिने तक्रारीचा एक शब्द काढला नाही. कागद टेबलावर ठेवला आणि चहाचे कप आत नेऊन ठेवले. तो बराच वेळ त्या दोन कागदांकडे पाहत राहिला.

खरे सांगायचे तर त्याचे वीसही वीस नव्हते. सरावाचे दहा तास लिहिले की त्यांच्या मागून आणखी पाच-सहा येतात : पोहण्याच्या तलावापर्यंत जाणे-येणे, पुन्हा अंघोळ, घामाचे कपडे धुणे, चिखलाची सायकल पुसणे, साखळीला तेल, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे वाढलेली झोप. शरीर सरावाने मजबूत होत नाही. सरावाने ते झिजते आणि विश्रांतीत भरून येताना मजबूत होते. सराव वाढवून झोप कमी करणारा मनुष्य एका हाताने भिंत बांधतो व दुसऱ्याने पाडतो. शिवाय त्या उरलेल्या वीस तासांतच पाहुणे येतात, मुलाला ताप येतो, नवरा-बायको दोन शब्द बोलतात. ते तास रिकामे नसतात. फक्त कागदावर त्यांना नाव नसते.

येथे मला स्वतःविषयी थोडे बोलणे भाग आहे. नोकरी करीत मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली. तीन वर्षे रात्री दिवा माझ्या खोलीत जळत असे. पदविका मिळाल्यावर मंडळीने हार घातला, तो मीच गळ्यात घेतला. त्या तीन वर्षांत आमच्या मुलीला शाळेत सोडणे, आणणे, तिचा अभ्यास, पालकसभा हे सर्व कोणी केले ते मला कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही. हे घडले तेव्हा मला वाटत होते की मी वेळ 'काढला' आहे. म्हणून त्या तरुणाला उपदेश करण्याचा मला फारसा अधिकार नव्हता. दोन कागद तेवढे देता आले.

त्या संध्याकाळी तीन गोष्टी ठरल्या. पहिली, पूर्ण पल्ल्याचा विचार मुले मोठी होईपर्यंत सोडायचा. त्याच्या तयारीला शेवटच्या महिन्यांत आठवड्याला बारा ते पंधरा तास लागतात, एकेका सायकल-फेरीलाच पाच-सहा तास जातात. त्या घरात ते नव्हते, आणि परदेशवारीचा पैसाही नव्हता. निम्म्या पल्ल्यासही खर्च आहेच : बरी सायकल, हेल्मेट, बूट, प्रवेश-शुल्क, गोव्यातील मुक्काम. सायकल जुनी घ्यावी असे पत्नीनेच सुचविले, आणि ती तशीच घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे सरावाचे वेळापत्रक त्याने एकट्याने करायचे नाही. तिसरी, रविवारच्या शाळेचा वर्ग सोडायचा नाही. ही तिसरी अट माझी नव्हती. त्याच्या थोरल्या मुलीची होती. ती त्याच वर्गात आहे.

वेळापत्रकाकडे येऊ, कारण खरी अडचण तेथेच असते. या विषयावरील बहुतेक पुस्तके सोमवार ते शुक्रवार कचेरीत जाणाऱ्या माणसासाठी लिहिलेली. त्यांत लांब सायकल शनिवारी व लांब धाव रविवारी. फाउंड्रीतल्या माणसाची पाळी दर आठवड्याला बदलते आणि सुटी एकच, रविवारची. तो प्रथम हेच वेळापत्रक आपल्या आठवड्यावर बसवू पाहत होता आणि ते बसेना. मग ध्यानात आले की त्याचे खरे माप सात दिवसांचे नाही, एकवीस दिवसांचे आहे. तीन पाळ्यांचे तीन आठवडे. सरावाचे शास्त्रही असेच सांगते की दोन किंवा तीन आठवडे भार वाढवावा व त्यानंतरचा एक आठवडा हलका ठेवावा. तेव्हा रात्रपाळीचा आठवडा हलका धरला. त्या आठवड्यात झोप मोडलेली असतेच. तिच्यावर जड सराव लादणे म्हणजे आजार बोलावणे. चार-पाच तास पोहणे व सावकाश धावणे, एवढेच. रात्रपाळी करून पहाटे सायकलवर घरी यायचे नाही, कंपनीच्या बसनेच यायचे, हेही ठरले. पेंगुळलेला मनुष्य आणि महामार्गावरचे ट्रक ही जोडी मला नको होती.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारी तीनपर्यंत तो मोकळा. तेव्हा गुरुवारी सकाळी, मुले शाळेत गेल्यावर, तीन ते चार तासांची लांब सायकल. शनिवारी लांब धाव. पहिल्या पाळीच्या आठवड्यात साडेतीननंतर दोन दिवस तलाव, आणि तीन दिवस कारखान्यात सायकलनेच जाणे-येणे. जाण्याचे अकरा व येण्याचे अकरा किलोमीटर. हे तास घरातून काढावे लागले नाहीत. ते ये-जा करण्यात आधीच खर्च होत होते. नोकरी करणाऱ्याने सर्वांत आधी असे दुहेरी उपयोगाचे तास शोधावेत असे माझे मत झाले आहे.

या बाबतीत अमेरिकेतील एका कॅथॉलिक भगिनीचे उदाहरण फार बोलके आहे. सिस्टर मॅडोना बूडर यांचा जन्म १९३० चा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका धर्मगुरूंच्या सांगण्यावरून त्या धावू लागल्या, बावन्नाव्या वर्षी त्यांनी पहिली ट्रायथ्लॉन केली, आणि पंचावन्नाव्या वर्षी पूर्ण पल्ल्याची आयर्नमॅन. २०१२ साली कॅनडात ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी ती पुन्हा मुदतीच्या आत पुरी केली, आणि एवढ्या वयात ती पुरी करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांच्या सरावाची रीत साधी : मिस्साला जायचे तर धावत जायचे, पोहायला जायचे तर सायकलने. आपल्या महिला मंडळातील भगिनी म्हणतील, त्यांच्यामागे नवरा-मुले नव्हती. बरोबर आहे, आणि तो फरक मोठा आहे. परंतु दिवसाची कामे आणि सराव वेगवेगळ्या कप्प्यांत न ठेवण्याची त्यांची युक्ती संसारी माणसालाच अधिक उपयोगाची.

दुसरी चूक जवळजवळ सर्वच नवशिके करतात. वेळ थोडा म्हणून प्रत्येक सराव जोरात करायचा. तास कमी, तर घाम तरी जास्त, असा हिशेब. प्रत्यक्षात लांब पल्ल्याचे कसलेले खेळाडू आपला सुमारे चार पंचमांश सराव अगदी सौम्य गतीने करतात, आणि उरलेला थोडा भाग मात्र खरोखर कठीण. सौम्य म्हणजे किती? धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे. मी त्याला म्हटले, स्तोत्राचे एक कडवे म्हणता आले तर गती योग्य. सौम्य सराव दमवीत नाही, म्हणजे त्यानंतर माणूस घरातल्यांच्या उपयोगी पडू शकतो. जोराच्या सरावानंतर तो आरामखुर्चीच्या उपयोगी पडतो. चुकलेला सराव दुसऱ्या दिवशी भरून काढू नये, हेही त्याच्या गळी उतरवायला वेळ लागला. गेला तो गेला.

पावसाळ्याने त्याची परीक्षा पाहिली. गोव्याची शर्यत पावसाळा सरताना, म्हणजे तयारीचा मुख्य काळ जून ते सप्टेंबर. बेळगावचा पाऊस वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पहाटेचा अंधार, खड्ड्यांत साठलेले पाणी, ओला रस्ता. जुलैत तो एकदा घसरला, कोपर सोलले, हेल्मेटला चीर गेली. त्यानंतर त्याने मागचे चाक अडकवून सायकल जागीच चालवायचा लोखंडी स्टँड मिळवला व तो पडवीत ठेवला. धाकटा मुलगा समोर बसून पाढे म्हणे. स्टँडचा आवाज मोठा, शेजाऱ्यांना त्रास. म्हणून पहाटे पाचची वेळ बदलून साडेसहा केली. शर्यतीच्या पुस्तकांत शेजारी नसतात.

आणि याच जुलैच्या अखेरीस गाडे अडले. गती वाढेना. म्हणून त्याने सराव वाढवला, कोणाला न सांगता. रात्री झोप लागेना, सर्दी हटेना, मुलांवर ओरडणे वाढले. अति सराव झाल्याची लक्षणे ठरलेली आहेत : सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी नेहमीपेक्षा मिनिटाला सात-आठ ठोक्यांनी चढलेली, भूक मंद, मन चिडचिडे, किरकोळ आजार पुन्हा पुन्हा. मनगटावरची घड्याळे आता पुष्कळ काही सांगतात. परंतु चिडचिड ही अशी खूण आहे की ती ज्याला झाली त्याला शेवटी कळते व घरच्यांना प्रथम. त्याच्या पत्नीने नाडी मोजली, नर्सच ती, आणि म्हणाली, "अहो, चार दिवस सायकलला हात लावायचा नाही." तो रुसला, पण ऐकले. पाचव्या दिवशी गती आपोआप परत आली. तेव्हापासून असा नियम झाला की तिने 'आज नको' म्हटले की नको, कारण विचारायचे नाही. माझ्या मते त्या घराला शर्यतीपर्यंत नेले ते या एका नियमाने. प्रशिक्षक पैसे देऊन मिळतो. आपला स्वभाव ओळखणारा न्यायाधीश घरातच असतो, आणि त्याच्याकडे अधिकार द्यावा लागतो.

प्रकृतीविषयी थोडे. चाळिशीच्या आसपासच्या बंधूंनी वैद्यकीय तपासणीवाचून या वाटेला जाऊ नये. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथ्लॉनमध्ये झालेले मृत्यू व हृदय अचानक बंद पडण्याचे प्रसंग यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एकूण १३५ प्रसंगांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडले. त्यांतील सुमारे ८५ टक्के पुरुष, आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या घरात. भाग घेणाऱ्यांच्या लाखांत दोनाहूनही कमी असे हे प्रमाण आहे, म्हणून भिऊन बसू नये. पण छातीत दुखणे, चक्कर, घराण्यात लवकर आलेला हृदयविकार यांकडे 'दम लागला असेल' म्हणून दुर्लक्ष करणे हा निष्काळजीपणा होय.

तलावात पंचवीस मीटरच्या शहात्तर फेऱ्या म्हणजे १.९ किलोमीटर. हे त्याने वर्गातल्या मुलांना सांगितले, तर मुले दर रविवारी विचारू लागली, "सर, आता किती झाल्या?" तलावाला भिंत असते, समुद्राला नसते. पावसाळ्यात समुद्रात उतरणे धोक्याचे, म्हणून खाऱ्या पाण्याचा सराव त्याला ऑक्टोबरच्या आरंभी एकदाच मिळाला. पहिल्याच लाटेत छाती आवळल्यासारखी झाली. अशा वेळी हातपाय मारीत सुटू नये. पाठीवर वळावे, श्वास सावकाश बाहेर सोडावा, गरज पडल्यास हात वर करून बचाव-होडी बोलवावी. होडीला धरून विश्रांती घेतल्याने स्पर्धक बाद होत नाही, पुढे मात्र सरकायचे नाही. हा नियम कळल्यावरच त्याची निम्मी भीती गेली. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचे, हवा थंड. मिरामारला दमट उकाडा. उकाड्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. येथे त्याची भट्टीच कामी आली. इतर स्पर्धक ज्या घामाला भीत होते तो त्याचा रोजचा होता.

आता रविवारचा प्रश्न. ही शर्यत रविवारीच होते. मंडळीत कुजबुज झाली, आणि अपेक्षेप्रमाणे एरिक लिडेल यांचे नाव निघाले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी म्हणून ते त्या धावले नाहीत, आणि चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले. पुढे ते मिशनरी म्हणून चीनला गेले व १९४५ साली तेथेच नजरकैदेच्या छावणीत वारले. मी त्यांच्याविषयी फार आदर बाळगतो. परंतु लिडेल यांनी जे केले ते स्वतःवर बंधन घालून. ते उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर मारण्यासाठी वापरू नये. मला कोणी विचारले तर माझे उत्तर असे, की २८ एप्रिलपासून मोजले तर शर्यतीपूर्वी सव्वीस रविवार होते. त्या सव्वीस रविवारी तो उपासनेत होता, वर्गावर होता. दोन-तीनदा प्रवचनात पेंगला, हे मी व्यासपीठावरून पाहिले. पण माझ्या प्रवचनात पेंगणारे सगळेच काही शर्यतीची तयारी करीत नसतात. एक रविवार तो मिरामारला होता. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मात्र सराव सहा महिने रविवार गिळतो आणि शर्यत एकच, हे दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

शेवटच्या दोन आठवड्यांत सराव जवळजवळ निम्म्यावर आणतात, म्हणजे साठलेला थकवा उतरतो. या दिवसांत मनुष्य अस्वस्थ होतो, उगाच गुडघा दुखतो असे वाटते. पत्नीने त्या रिकाम्या संध्याकाळी त्याच्याकडून दिवाळीच्या अगोदरची सगळी झाडलोट करून घेतली.

२७ ऑक्टोबर २०२४ रोजी तो उतरला. कुटुंब बरोबर होते, आईसुद्धा. सायकलवर दर तासाला सुमारे साठ ग्रॅम पिष्ट पोटात जावे लागते. त्याने केळी, राजगिऱ्याची चिक्की व मीठ-साखर-लिंबाचे पाणी यांवर भागवले. नुसते पाणी भराभर पिऊ नये, रक्तातील मीठ उतरून मनुष्य बेशुद्ध पडू शकतो, हे पत्नीने बजावलेले होते. धावण्याच्या शेवटच्या सात किलोमीटरांत तो बराचसा चाललाच. सात तास बावन्न मिनिटे. साडेआठच्या आत. पदक थोरलीने घातले आणि परतीच्या वाटेवर चोर्ला घाटात त्याच पदकासह झोपी गेली.

पुढच्या रविवारी तो मला भेटला. मी अभिनंदन केले. त्याच्या खिशात घडी केलेला एक कागद होता, तो त्याने दाखवला. वर तिचे नाव, खाली १६८. पत्नीला नर्सिंगची पुढची पदवी करावयाची आहे, लग्नापासून राहून गेलेली; तिच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला आठवड्याला नऊ तास हवे होते. स्वयंपाक व भांडी यांपुढचे २४ खोडून तेथे १५ लिहिले होते. उरलेले नऊ त्याच्या कागदावर गेले होते, आणि गुरुवारच्या लांब सायकलीच्या जागी पोळ्या. "भाऊ," तो म्हणाला, "कणीक मळण्याचा सराव अजून कच्चा आहे. आई शिकवते आहे."

तरुण संघाने चर्चेसाठी हेच दोन कागद घ्यावेत. विवाहितांनी जोडीने बसावे, अविवाहितांनी आई किंवा बहिणीबरोबर. आणि एकमेकांचा कागद पाहण्यापूर्वी समोरच्याचे किती तास उरत असतील याचा आकडा आधी आपल्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा.